नाणेघाटातलं राजदालन

राजघराण्याच्या प्रतिमा राजधानीत असाव्यात, अशी आपली अपेक्षा असते. सातवाहनांनी त्या घाटमाथ्यावर, जकातीच्या वाटेवर कोरल्या. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला, पुढे पैठणला जाई. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं इथे आजही सांगतात.

घाटाच्या तोंडाशीच हे लेणं आहे. ना स्तूप, ना भिक्षूंच्या खोल्या; एकच दालन आणि भिंतीलगत बसायला कातळातले ओटे. मागच्या भिंतीवर राजपरिवार ओळीने उभा होता. आता पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही, पण वरची ब्राह्मीतली नावं वाचता येतात: सिमुक सातवाहन, मग नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. यातला महारठी हा सातकर्णीची राणी नागनिका हिचा पिता, असं अभ्यासक मानतात. राजाच्या सासऱ्याला या ओळीत जागा मिळावी, यातून त्या सोयरिकीचं राजकीय वजन कळतं.

बाजूच्या भिंतींवरचा लांबलचक प्राकृत लेख नागनिकेचा मानतात. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन करून तो यज्ञांची यादी देतो. एका ठिकाणी दक्षिणा १,७०० गाई आणि १० हत्ती. या संख्या अंकचिन्हांत कोरल्या आहेत. शून्य नाही, म्हणून शंभराला आणि हजाराला वेगळी चिन्हं. भारतीय अंकांचा इतका जुना पुरावा आपल्या तालुक्यात आहे, हे जुन्नरच्या प्रत्येक शाळेत शिकवलं पाहिजे. मला त्याहून मोलाची वाटते ती लेखातली राणी: महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तापसीचं जिणं जगणारी आणि तरीही यज्ञांचा सगळा हिशेब दगडावर नोंदवून ठेवणारी.

विल्यम साइक्स यांनी १८२८मध्ये या लेण्याची दखल घेतली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्या वाचनामुळे लेखाचा अर्थ उलगडला. असं पूर्वजांच्या प्रतिमांचं दालन ही कल्पना इतरत्रही दिसते: ती भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात आहे. कुषाणांनी मथुरेजवळ माट इथे तसं देवकुल उभारलं; तिथला शिर नसलेला कनिष्क आज मथुरेच्या संग्रहालयात सुरक्षित आहे. नाणेघाटच्या प्रतिमा भिंतीतूनच घडवलेल्या, त्यामुळे त्यांचं जतन जागेवरच करावं लागणार. पावसाळ्यात आडोशाला येणाऱ्यांनी या भिंतींना हातही लावू नये.

जवळच्या एका टाक्यावर दानलेख आहे, सोपाऱ्याच्या गोविंददासाचा. राजाने वाटसरूंना आपलं घराणं दाखवलं, गोविंददासाने त्यांच्या पाण्याची सोय केली.