धुराड्यातील कर्बवायू आणि चांद्याची भूमी

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा दगडी कोळसा, चुनखडी आणि मोठे कारखाने पश्चिमेस राहिले व निबिड अरण्याचा मोठा हिस्सा वैनगंगेपलीकडे गेला. पुढच्याच वर्षी दुर्गापूरनजीक औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे, आणि राजुरा-कोरपना भागात आवाळपूर, गडचांदूर, उपरवाही येथे सिमेंटच्या भट्ट्या अहोरात्र जळत आहेत. या धुराड्यांतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, वातावरणात मिसळण्यापूर्वीच अडवता येईल काय, हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेचा उरलेला नाही.

अडवण्याची विद्या नवी नव्हे. बॉटम्स या अमेरिकी रसायनज्ञास 1930 साली तिचे पेटंट मिळाले, आणि तिचा मूळ आराखडा अद्याप कायम आहे. पत्र्याच्या भरणाने भरलेल्या उंच स्तंभात खालून धूर वर चढतो, वरून अमाइनचे द्रावण झिरपत उतरते आणि सुमारे 40 अंश उष्णतेवर ते कर्बवायूस धरून ठेवते. मग ते दुसऱ्या स्तंभात नेऊन 120 अंशांपर्यंत तापवले, की वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा कामास लागते. कोळशाच्या धुरात कर्बवायूचे प्रमाण अवघे अष्टमांशाच्या आसपास असल्यामुळे स्तंभ अवाढव्य बांधावे लागतात. परंतु अभियंत्याची खरी कसोटी लागते ती या दुसऱ्या स्तंभाच्या तळाशी, जिथे उष्णतेचा खर्च होतो.

हा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. 500 मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालताना तासाला ढोबळ मानाने 450 टन कर्बवायू सोडतो. त्यातला नव्वद टक्के पकडायचा म्हटले तर तासाला 400 टन होतात, आणि दर टनामागे साडेतीन गिगाज्यूलहून अधिक उष्णता लागते, म्हणजे सुमारे 400 मेगावॅट उष्णता टर्बाइनमधील वाफेतून काढून घ्यावी लागते. त्यात वायू शंभरांहून अधिक वातावरणांच्या दाबाने दाबण्याची वीज मिळवली, तर संचाची चतुर्थांशाहून थोडी अधिक वीज याच कामी जाते. विंध्याचल येथे एनटीपीसीने उभारलेला प्रकल्प दिवसाला 20 टन वायू पकडतो. आपला संच तेवढा वायू तीन मिनिटांच्या आत बाहेर टाकतो. प्रयोग आणि प्रमाण यांतील हे अंतर ध्यानी धरूनच पुढील तजवीज केली पाहिजे.

आणखी दोन अडचणी स्थानिक आहेत. धुरातील गंधकाचा वायू अमाइनशी संयोग पावून न सुटणारे क्षार बनवतो, म्हणून तो आधी धुऊन काढावा लागतो. आपल्या कोळशातील विपुल राखही अगोदर गाळावी लागते. दुसरी अडचण पाण्याची: द्रावण पुन्हा थंड करण्यास पाणी लागते, आणि 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणातील साठा खालावल्याने दुर्गापूरच्या वीजकेंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते.

सिमेंटची गोष्ट मात्र निराळी आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कर्बवायू निघतोच. इंधन बदलले तरी हा वायू टळत नाही. शिवाय भट्टीच्या धुरात त्याचे प्रमाण वीजकेंद्राच्या धुरापेक्षा बरेच अधिक असते. नॉर्वेतील ब्रेव्हिक येथे 2025 मध्ये सुरू झालेला प्रकल्प भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर भिस्त ठेवून दरसाल चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या सुमारे निम्म्या वायूचे ग्रहण करतो. उपलब्ध उष्णता पाहून यंत्राचा आकार ठरवण्याची ही रीत आपल्या कारखान्यांनी अवश्य अभ्यासावी.

पकडलेला वायू ठेवायचा कोठे? आइसलंडमध्ये 2012 पासून तो पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडला गेला आणि बहुतांश दोन वर्षांतच दगड झाला. दख्खनचा काळा पाषाण तोच आहे; परंतु चंद्रपूर त्याच्या पूर्व कडेवर असल्याने येथे थर पातळ होत जातात, आणि या पद्धतीस वायूच्या वजनाच्या पंचवीसपट पाणी लागते. म्हणून नळाने पश्चिमेकडे न्यावयाचा की अन्यत्र, याचा निकाल छिद्रणाविना लागणार नाही.

यावर कोणी गडचिरोलीच्या अरण्याकडे बोट दाखवील, की ते वायू शोषून घेतेच. घेते, पण त्या अरण्यावर तेथील गावांचा हक्क आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो अरण्य राखल्याचा मान होता. कारखान्यांच्या खाती जमा दाखवण्याचा दस्तऐवज नव्हता.

तात्पर्य, आरंभ कोरपना-राजुऱ्याच्या भट्ट्यांपासून व्हावा, जुन्या वीजसंचांपासून नव्हे. आणि यंत्र उभारण्यापूर्वी पाणी, उष्णता व भूगर्भ या तिन्हींचा हिशेब शासनाने व कारखानदारांनी जिल्ह्यातील जनतेपुढे मांडावा.