चवदार तळ्याचा इतिहास आणि देणगीची पावती

स्थानिक इतिहासावर व्याख्याने ठेवायची, श्रोत्यांकडून देणगी घ्यायची आणि त्या पैशातून एखादे ऐतिहासिक स्थळ राखायचे, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १८९५ साली टिळकांनी रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली होती. आपल्या लढ्याच्या जागांसाठीही कार्यकर्त्यांनी अशी व्याख्याने जरूर योजावीत. मात्र पैसा मागताना आपण कोणता इतिहास सांगतो, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

रायगडाच्या वाटेवरच्या महाडचेच उदाहरण घेऊ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्षात पाण्याला कोणी जाऊ शकत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांनी व त्यांच्यामागून हजारोंनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

व्याख्यानात हा शेवटचा भाग गाळण्याचा मोह होतो. सभेला व्यापारी येतात, पुढारी येतात. 'जुने वाद कशाला उकरता? समतेचा संदेश तेवढा द्या,' असे प्रेमाने सुचवले जाते. देणगीचा आकडा मोठा असला की वक्त्याची जीभ आपोआप मऊ होते. मग मार कोणी खाल्ला, कोणी दिला आणि घागरी कोणी ओतल्या, हे काहीच उरत नाही. उरतो फक्त पुतळा आणि सुशोभित काठ.

स्थानिक इतिहास ही शोभेची वस्तू नव्हे, हे या तळ्याच्या खटल्यानेच दाखवून दिले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तो लढा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. म्हणजे 'पूर्वापार असेच आहे' हा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकला नाही. गावोगावी आजही हेच वाक्य आपल्याला ऐकवले जाते. त्याला उत्तर द्यायचे तर आपल्या गावाचे कागद आणि आठवणी आपल्याच हाती हव्यात.

म्हणून व्याख्यानमाला योजणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. वक्ता केवळ प्राध्यापक नसावा. वस्तीतील वृद्ध स्त्री-पुरुषांनाही व्यासपीठावर बसवावे. पाणी कोठून आणले जाई आणि किती वेळ खोळंबावे लागे, हे त्यांच्याइतके आम्हा पदवीधरांना ठाऊक नाही. त्यांचे बोलणे विद्यार्थ्यांनी त्याच वेळी लिहून घ्यावे. दोन रुपये देणाऱ्यालाही पावती मिळावी आणि पुढच्या व्याख्यानाच्या आरंभी मागचा हिशेब वाचून दाखवावा. कोणत्याही देणगीदाराला विषय ठरवण्याचा अधिकार देऊ नये. जमलेल्या पैशातला पहिला वाटा कागदपत्रे जमवण्याला आणि संपूर्ण हकीकत सांगणाऱ्या फलकाला द्यावा. संगमरवराचा विचार नंतर करता येईल.

तळे राखायचे ते एवढ्यासाठी की उद्या तेथे आलेल्या पोराने विचारावे, 'आपल्याला पाणी का विकत घ्यावे लागले?' आणि त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देणारा माणूस त्याला तेथे भेटावा.