औषध सारखे, वागणूकही सारखी हवी



दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट सुटते, तेव्हा कोळी असो, मुसलमान असो की कातकरी, उतारू म्हणून सारे सारखेच. सरकारी दवाखान्याचेही तसेच असायला हवे. केसपेपर सर्वांना सारखा मिळतो. पण उपचार सर्वांपर्यंत सारखा पोचतो का?

आपल्या रायगड जिल्ह्यातला कातकरी समाजच घ्या. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक. दिवाळी उलटली की पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मग बाळाची लस चुकते. दवाखान्यात जावे तर दिवसाची मजुरी बुडते. त्यात "इतके दिवस कुठं होतीस?" असे कोणी डाफरले, की ती बाई पुन्हा पायरी चढत नाही. आपण मात्र म्हणतो, "अडाणी लोक, भगताकडेच जायचे!"

हा खरेच अडाणीपणा आहे का? गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' संस्था काढली. इस्पितळाची भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. लोक म्हणाले, इमारत मोठी, नातलगांना राहायला जागा नाही. शिवाय डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत, आणि आमच्यात मढ्याला पांढरे गुंडाळतात. मग शोधग्रामचे इस्पितळ आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे बांधले. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले आदिवासींत हजारी ५७, तर मागास प्रवर्गांबाहेरच्या समाजांत सुमारे ३९. गरिबी हे कारण आहेच. पण अमेरिकेतल्या २००३ सालच्या एका मोठ्या अहवालात दिसले, की मिळकत आणि विमा सारखा असूनही कृष्णवर्णीय रोग्यांना कमी प्रतीचे उपचार मिळत होते. म्हणजे दोष वागणुकीतही असतो.

तेव्हा गुरुजी, कुटुंब भट्टीवर निघण्याआधी लसीचे कार्ड आशाताईंना दाखवायला सांगा, आणि ते सोबत न्यायलाही सांगा. बोली अडत असेल, तर वाडीतला जाणता माणूस बरोबर द्या. गोळी कधी, किती घ्यायची, हे रोग्याकडून एकदा वदवून घ्या. आणि उशिरा आलेल्याला आधी बसायला सांगा, मग उशिराचे कारण विचारा. याला पैसा लागत नाही.