कुंथलगिरी खव्याला जीआय मिळालं, पुढे काय?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी-भूम पट्ट्यात अनेक कुटुंबांचा संसार दुधावर आणि खव्याच्या भट्टीवर चालतो. एक किलो खव्यासाठी साधारण ४ ते ५ लिटर दूध आटवावं लागतं. भेसळीचा स्वस्त खवा बाजारात आला की चोख माल मागे पडतो. अशा वेळी तीन नियम कामाला येतात.

दर्जा: एफएसएसएआयच्या मानकानुसार खव्याच्या कोरड्या घटकांत किमान ३० टक्के दुधाचं फॅट हवं. स्टार्च मिसळायला मनाई आहे.

नोंदणी: २०११ च्या नियमांनी छोट्या उत्पादकांना मोठ्या कारखान्यासारख्या परवान्यातून सोडवलं. त्यांच्यासाठी वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली.

नाव: भूम तालुक्यातल्या कुंथलगिरी खव्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण ते आपोआप प्रत्येक भट्टीला लागू होत नाही. ठरलेल्या क्षेत्रातल्या उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल, तर नावाचा भाव त्याच्या हाती येत नाही.

घरी तपासायचंय? थोडा खवा पाण्यात उकळून गार करा, आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला, तर त्यात स्टार्च आहे.