उमेदवाराचे रूप आणि मतदाराचे मत

१८८८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचे त्या वेळचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी एडिंबरा शहरात भाषण करीत होते. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या होबर्न मतदारसंघातून दादाभाई नौरोजी उभे राहून पडले होते. त्यांचा उल्लेख करून सॅलिस्बरी म्हणाले की, मानवजातीने कितीही प्रगती केली असली तरी एखाद्या ब्रिटिश मतदारसंघाने काळ्या माणसाला आपला प्रतिनिधी म्हणून निवडावे, इतकी मजल आपण अजून मारली आहे की नाही याची मला शंका वाटते.

गंमत अशी की दादाभाई पारशी, वर्णाने चांगले उजळ. त्यांना पाहिलेले लोक विचारू लागले की दोघांत काळा कोण? पण मुद्दा कातडीच्या छटेचा नव्हताच. ज्या माणसाने मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवले (म्हणजे आम्हा मास्तरांच्याच जातीचा माणूस!), हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, त्याचे काय म्हणणे आहे हे ऐकण्याआधीच त्याच्या तोंडाकडे पाहून निकाल लावला गेला होता. हितचिंतकांनाही रूपाचीच काळजी होती. पारशी टोपी बाजूला ठेवा आणि इंग्रजी हॅट घाला, असा सल्ला त्यांना मिळाला होता.

परिणाम उलटा झाला. पंतप्रधानांच्या त्या एका वाक्याने दादाभाईंचे नाव विलायतभर पोहोचले. जुलै १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीमधून उभे राहिले. क्लार्कनवेलचे घड्याळे बनविणारे कारागीर याच भागातले. त्यांचे प्रतिस्पर्धी होते पेंटन. अवघ्या पाच मतांचा विजय! नौरोजी हे नाव ज्यांच्या जिभेवर बसत नव्हते, ते त्यांना थट्टेने 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणू लागले. म्हणजे निसटत्या बहुमताचे गृहस्थ.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८९५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची धूळधाण झाली आणि त्यात दादाभाईही पडले. पण त्याच निवडणुकीत लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीनमधून दुसरे एक पारशी गृहस्थ, मंचरजी भावनगरी, निवडून आले. कोणत्या पक्षातर्फे? सॅलिस्बरींच्याच! १९०० साली ते पुन्हा निवडून आले. चेहऱ्याचा रंग दोघांचा एकच. एकाला वाऱ्याने पाडले, दुसऱ्याला त्याच वाऱ्याने तारले.

तेव्हा रूपाला किंमत नाही असे म्हणावे काय? तसेही नाही. १९४५ सालचे उदाहरण पाहा. एका बाजूला युद्ध जिंकून दिलेले चर्चिल. त्यांची मोटार रस्त्याने निघाली की लोकांची गर्दी उसळे. दुसऱ्या बाजूला क्लेमंट ॲटली; टक्कल पडलेले, मितभाषी, तोंडात पाइप. बायको घरची गाडी चालवी आणि हे शेजारी बसून सभांना जात. लोकांनी चर्चिलसाहेबांना हात हलवून निरोप दिला आणि मते ॲटलींच्या मजूर पक्षाला घातली, ३९३ जागा! ज्यांना घर हवे होते, काम हवे होते, आजारपणात डॉक्टर हवा होता, त्यांनी टक्कल पाहिले नाही.

मात्र दूरदर्शन घराघरांत शिरल्यावर रूपाची मशागत करणारे तज्ज्ञ आले. मार्गारेट थॅचर यांचा आवाज चढा आणि टोचणारा वाटतो म्हणून त्यांच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या गॉर्डन रीस यांनी तो खालच्या पट्टीत आणण्यासाठी शिकवणी लावून दिली. कपडे आणि केसही बदलले. एवढे करूनही १९७९ मध्ये पंतप्रधान म्हणून कोण बरे, असे विचारले असता लोक कॅलहन यांनाच पसंती देत होते. जिंकल्या मात्र थॅचरबाई. संपांनी गारठलेला तो हिवाळा लोक विसरले नव्हते.

मायकल फूट यांचा कोट तर तिकडे म्हणीसारखा झाला आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मारकापाशी ते आखूड, हिरवट कोट घालून उभे राहिले. मजुरांचे जाकीट घालून आले, म्हणून वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. वस्तुतः तो कोट त्यांच्या पत्नीने चांगल्या दुकानातून घेतलेला होता. १९८३ मध्ये मजूर पक्ष २०९ जागांवर आला, तेव्हा अनेकांनी कोटालाच दोष दिला. फॉकलंडचे युद्ध आणि पक्षात पडलेली फूट यांपुढे एका कोटाची काय कथा, असे माझे मत आहे.

आता शास्त्रज्ञांचे ऐका. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या टोडोरोव्ह यांनी २००५ साली दाखवून दिले की अनोळखी उमेदवारांची छायाचित्रे क्षणभर पाहून 'यांत कर्तबगार कोण दिसतो?' एवढेच लोकांना विचारले, तरी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत त्यांचे बोट विजेत्यावर पडते. २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या अँटोनाकिस आणि डालगास यांनी तर लहान मुलांना फ्रान्समधील उमेदवारांच्या जोड्या दाखविल्या आणि विचारले, तुमच्या बोटीचा कप्तान कोणाला कराल? मुलांचे उत्तरही बहुतेक वेळा मोठ्यांच्या मतांशी जुळले. आपण बेटावरची माणसे. कप्तान चेहऱ्यावरून निवडला तर बोट कुठे लागेल हे आपल्याला सांगायला नको.

पण आपल्या घरात तरी वेगळे काय चालते? लग्नात येऊन हात जोडणारा, उंच, गोड बोलणारा, 'आपल्यातलाच दिसतो' म्हणून आजी खूश. 'आपल्यासारखा दिसत नाही' म्हणून नाकारणारे सॅलिस्बरी आणि 'आपल्यासारखा दिसतो' म्हणून निवडणारे आपण, एकाच नाण्याच्या दोन बाजू नव्हेत काय? फिन्सबरीच्या त्या घड्याळजींनी, दुकानदारांनी, कारागिरांनी स्वतःसारखा न दिसणारा माणूस पत्करला होता.

हे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या कित्येक घरांतील मुली परिचारिका म्हणून विलायतेस गेल्या, मुले शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. मॉरिशस राष्ट्रकुलात असल्यामुळे तेथे रीतसर वास्तव्य करणाऱ्या आपल्या माणसांना, ब्रिटिश नागरिकत्व घेतले नसले तरी, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. पुष्कळांना हे माहीतच नसते. नाव मात्र मतदारयादीत आधी नोंदवावे लागते. पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा एवढे जरूर विचारा.

तिकडची मतपत्रिकाही पाहण्यासारखी असते. १९७० च्या निवडणुकीपूर्वी तिच्यावर उमेदवाराच्या पक्षाचे नावसुद्धा नसे. फक्त नाव, पत्ता आणि धंदा. आता पक्षाचे नाव व चिन्ह असते, पण उमेदवाराचे छायाचित्र नाही. भारतात २०१५ पासून तेही छापू लागले. उलट इंग्लंडमध्ये २०२३ पासून मत देणाऱ्यालाच स्वतःचे छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, आणि मतदान केंद्रात चेहरा तपासला जातो तो मतदाराचा.