खडबडीत चेंडू दूर का जातो?

वाहती हवा घन पृष्ठभागाला जिथे टेकते, तिथे तिचा पृष्ठभागाच्या सापेक्ष वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावे तसा तो वाढत जातो आणि थोड्याच अंतरावर मूळ प्रवाहाइतका होतो. या दोहोंमधला पातळ थर म्हणजे सीमास्तर.

अठराव्या शतकात फ्रेंच गणिती दालांबेर यांनी दाखवले की, श्यानता, म्हणजे थरांमधले अंतर्गत घर्षण, मुळीच नसलेल्या द्रवातून किंवा वायूतून एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूला रोध होत नाही. हवेची श्यानता अत्यल्प, तरी तिचा रोध मात्र चांगलाच जाणवतो. हे कोडे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत उलगडले. श्यानतेचा अंमल मुख्यतः सीमास्तरापुरता असतो. पण हा थर पृष्ठभागापासून सुटला की साऱ्या प्रवाहाचे रूप पालटते.

चेंडूच्या पुढच्या भागावरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. मागच्या भागावर दाब पुन्हा चढू लागतो. घर्षणाने मंदावलेली सीमास्तरातली हवा, घाटात दम संपलेल्या सायकलस्वारासारखी, या चढावर थबकते आणि उलटी वळते. प्रवाह पृष्ठभाग सोडतो. यालाच विलगन म्हणतात. चेंडूमागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि चेंडू मागे खेचला जातो.

१९१२ मध्ये फ्रेंच अभियंते गुस्ताव्ह आयफेल यांनी मोजलेला गोलाचा रोध गॉटिंगेनमधील प्रांटल यांच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या निम्म्याहून कमी भरला. प्रांटल यांनी १९१४ मध्ये गोलाभोवती बारीक तार बसवून त्याचे कारण दाखवले. तारेमुळे सीमास्तर संक्षुब्ध होतो, म्हणजे घुसळला जातो, बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळते आणि त्याला नवा जोर मिळतो. न घुसळता थरांनी वाहणारा स्तरीय प्रवाह गोलाच्या अग्रबिंदूपासून सुमारे ८० अंशांवर सुटतो, तर संक्षुब्ध प्रवाह सुमारे १२० अंशांपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो आणि रोध उतरतो.

गोल्फच्या चेंडूवरील खळगे हेच काम करतात. क्रिकेटच्या नव्या चेंडूची तिरकी शिवण एकाच बाजूचा सीमास्तर संक्षुब्ध करते. त्या बाजूला विलगन उशिरा होते आणि चेंडू तिकडे वळतो. विमानाचा पंख फार उचलला, साधारण १५ अंशांपलीकडे, तर वरच्या बाजूचा प्रवाह सुटतो आणि उचल एकदम घटते. म्हणून काही विमानांच्या पंखांवर प्रवाह घुसळणाऱ्या छोट्या पट्ट्या बसवतात.

खडबडीतपणाचा हा लाभ मुख्यतः बोथट आकारांना होतो. निमुळत्या, सडपातळ आकारात विलगन मुळातच कमी असते; तिथे खडबडीत पृष्ठभाग घर्षण वाढवतो आणि गुळगुळीतपणाच फायद्याचा ठरतो.