वोम्बॅटची शिरगणती

रात्री बिळाबाहेर पडणाऱ्या, माणसाची चाहूल लागताच आत दडणाऱ्या प्राण्यांची संख्या कशी मोजायची? पकडून मोजावे, तर पकडण्याच्या धक्क्यानेच त्याला इजा होण्याची भीती. आणि तो प्राणी जगात इन मीन शंभरच उरलेला असेल तर? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. त्याचे उत्तर सापडले ते साध्या चिकटपट्टीत.

हा प्राणी म्हणजे उत्तरेकडील केसाळ नाकाचा वोम्बॅट. कांगारूप्रमाणे तोही शिशुधान, म्हणजे पोटाशी पिशवी असलेला प्राणी आहे. लांबी सुमारे एक मीटर, वजन तीस किलोच्या आसपास, पाय आखूड आणि नखे मजबूत. मादीच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते. बीळ खणताना उडणारी माती पिशवीत जाऊन पिलाला त्रास होऊ नये, अशी ही निसर्गाची सोय. मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि ते अनेक महिने पिशवीतच वाढते. त्यामुळे एकदा घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो.

एकोणिसाव्या शतकात या वोम्बॅटची वस्ती न्यू साउथ वेल्सपर्यंत होती. पुढे माणसांनी आणलेली गुरे-मेंढरे त्याच गवतावर चरू लागली. त्यात दुष्काळांची भर पडली आणि एकेक वस्ती नाहीशी झाली. शेवटी क्लेरमाँट गावाच्या वायव्येला, एपिंग फॉरेस्ट येथे एकच वस्ती उरली. १९७१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, तरी गुरांचे चरणे थांबले नाही. ती १९८२ मध्ये बाहेर काढली गेली, तेव्हा सुमारे पस्तीसच वोम्बॅट शिल्लक होते.

गुरे गेल्यावर संख्या हळूहळू वाढू लागली. पण २०००-०१ च्या सुमारास डिंगो या रानकुत्र्यांनी अनेक वोम्बॅट मारले. शंभराच्या वस्तीत दहा गेले, तर दहावा हिस्साच गेला! म्हणून २००२ मध्ये वस्तीभोवती सुमारे वीस किलोमीटर लांबीचे कुंपण घालण्यात आले. मात्र कुंपण घालून काम संपत नाही. वादळात झाड पडते, पुराने खालची माती वाहून जाते. एक भगदाड पडले, तरी सारे कष्ट वाया जाऊ शकतात.

येथे स्वयंसेवकांचे काम सुरू होते. हे उद्यान पर्यटकांना बंद आहे. काळजीवाहक म्हणून येणारे स्वयंसेवक मात्र तेथे काही आठवडे मुक्काम करतात. कुंपणाची पाहणी, पाण्याच्या टाक्या आणि खाद्यपात्रे भरणे, स्वयंचलित कॅमेऱ्यांतील चित्रे गोळा करणे, वाटांवरचे गवत कापणे अशी त्यांची कामे असतात. वोम्बॅट रात्री बाहेर पडतो, त्यामुळे ज्याच्यासाठी राबायचे त्याचे दर्शन क्वचितच घडते.

गवत कापण्यामागे एक कारण आहे. बफेल नावाच्या परदेशी गवताने तेथे मोठे आक्रमण केले आहे. हे गवत आपल्याला परके नाही. कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी लावले जाणारे अंजन गवत ते हेच. (अंजन नावाच्या वृक्षाशी त्याचा संबंध नाही.) आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारत हे त्याचे मूळ प्रदेश. ऑस्ट्रेलियात ते चराईसाठी मुद्दाम पेरले गेले आणि मग हाताबाहेर गेले. वोम्बॅट ते खातातही. पण ते दाट वाढते, वाळले की भडकून पेटते आणि आगीनंतर स्थानिक गवतांच्या आधी फुटते. प्रत्येक आगीनंतर त्याचे राज्य वाढत जाते. गंमत अशी, की तेथील स्थानिक गवतांपैकी एक आपल्या माळावरचे कुसळी गवतच आहे. धोतराला किंवा मोज्याला त्याची कुसळे चिकटली नाहीत, असा ग्रामीण शिक्षक विरळाच! म्हणजे आपल्याकडे शेजारी नांदणाऱ्या दोन गवतांपैकी एक तेथे घरचे, तर दुसरे घुसखोर. वनस्पती चांगली की वाईट, हे ती कोठे वाढते यावर ठरते.

आता शिरगणतीकडे वळू. बिळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी ताणून बांधतात. ये-जा करताना वोम्बॅटचे काही केस तिला चिकटतात. सकाळी स्वयंसेवक बिळाबिळांवर फिरून ते केस जपून गोळा करतात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींतील डीएनएवरून तो कोणत्या प्राण्याचा, नर की मादी, हे प्रयोगशाळेत कळते. प्राण्याला हातही न लावता त्याचे ओळखपत्र मिळते.

पण ज्यांचे केस मिळालेच नाहीत, त्यांचे काय? यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. डब्यात बरेच वाल घ्या, मोजू नका. त्यांतले २० काढून शाईने खूण करा, परत टाका आणि डबा नीट हलवा. आता पुन्हा न पाहता २० काढा. त्यांत खुणेचे ५ निघाले, म्हणजे एक चतुर्थांश निघाले, तर एकूण वालांच्याही सुमारे एक चतुर्थांशावर खूण असणार. म्हणून एकूण वाल साधारण ८०. मग डबा ओतून खरी संख्या मोजा. प्रयोग अनेकदा करून उत्तरे का बदलतात, यावर विद्यार्थ्यांना विचार करू द्या. वोम्बॅटच्या बाबतीत शाईच्या खुणेचे काम डीएनए करतो. प्रत्यक्ष गणित अधिक गुंतागुंतीचे असले, तरी पाया हाच आहे.

या पद्धतीने २००० मध्ये संख्या ११३ च्या आसपास आढळली, २०१३ मध्ये ती दोनशेच्या जवळ गेली आणि पुढे तीनशेच्या वर पोचली. तरीही सारी वस्ती एकाच जागी असणे धोक्याचे. एक रोग, एक मोठी आग पुरे! म्हणून २००९ मध्ये दक्षिणेला सेंट जॉर्ज गावाजवळ काही वोम्बॅट हलवून दुसरी वस्ती वसवली गेली आणि २०२४ मध्ये पौरुना येथे तिसरीचा आरंभ झाला.

एक जात वाचवायला प्रयोगशाळा हवी, कायदा हवा, पैसाही हवा. पण रोज सकाळी कुंपणाच्या कडेने जाऊन भोक पडले आहे का, हे पाहणारे डोळेही हवेत. आपल्या गावाजवळच्या माळावर कोणती गवते आहेत, पाच वर्षांपूर्वी कोणती होती, याची नोंद एखाद्या शाळेने ठेवायला सुरुवात केली, तर तेही याच जातीचे काम होईल. त्यासाठी एक वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच लागते.